सुरातली हजेरी

हसा, हसा. दात काढायचे तेवढे आत्ताच काढून घ्या. उद्या पहाटे गाडीत बसाल तेव्हा मास्तर एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजतील आणि तुम्ही म्हणाल, आम्ही काय मेंढरं आहोत का? अरे, या गायनवृंदात डोक्याला हात लावूनच मोजायचं, हा नियम कोणी हौसेने केलेला नाही. तो आधीच्या मास्तरांनी केला. माझ्या शेजारच्या बाईंचे ते सख्खे भाऊ. त्यांनी हे सगळं माझ्यासमोर बसून सांगितलंय, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. आणि तो माणूस थापाड्या नव्हता बरं. बेसूर गाणाऱ्याला भर चर्चमध्ये तोंडावर बेसूर म्हणायचा. पाळकसाहेबांनाही सोडलं नव्हतं. असल्या माणसाला थाप मारायला जमेल कशी?

ए, तो मोबाईल खिशात घाल. आणि दार लोट. पूर्ण नको लावू... असू दे, थोडं उघडं राहू दे.

तर मे महिन्यातला शेवटचा शनिवार होता. अमावास्येची रात्र.

दर उन्हाळ्यात जसे तुम्ही जाता तशी ती पोरंही सेवेला गेली होती. दिवसा अंगमेहनत, संध्याकाळी गाणी. त्या वर्षी डोंगरावरच्या एका गावातली शाळा मिळाली होती. कित्येक वर्षं बंद पडलेली, आता सुट्टीनंतर पुन्हा सुरू व्हायची होती. अठरा पोरं, मास्तर आणि मिनीबसचा ड्रायव्हर. आठवडाभर पोरांनी भिंतींना चुना लावला, मोडक्या बाकांना खिळे ठोकले, जाळी-जळमटं काढली. संध्याकाळी अंगणात उभं राहून गायचे तेव्हा गावातली म्हातारी माणसं डोळे पुसायची. मास्तर म्हणायचे, त्या आठवड्याइतकं सुरेल माझ्या पोरांनी कधीच गायलं नव्हतं.

त्यात सगळ्यात धाकटी होती मास्तरांची भाची. तिला सगळे चिमणी म्हणायचे. वय कमी पडत होतं, पण आवाज असा की वरच्या पट्टीत तिच्याशिवाय कोणी टिकत नसे. फक्त एक होतं. पोरीला दमा होता. श्वासाचा पंप कायम बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. लांब सूर धरला की मध्येच तुटायचा, एक बारीकसा घोट घेतल्यासारखा श्वास ऐकू यायचा, की पुन्हा सूर सुरू. मास्तर रागवायचे नाहीत. म्हणायचे, तेवढी खाच असली की मला कळतं, आमची चिमणी गातेय.

तिची आई, म्हणजे मास्तरांची बहीण, तीच माझी शेजारीण, पाठवायला अजिबात तयार नव्हती. नवरा गेलेला. घरात ही एकुलती एक. ती भावाला म्हणाली, "दादा, धुळीत, चुन्यात हिला कुठे नेतोस? काही झालं म्हणजे?"

"अगं, मी आहे ना! मामा आहे का कोण आहे मी?"

"तू गाण्यात रमलास की तुला आग लागलेली कळत नाही."

"हातातली हातात आणून देईन. झालं?"

"बघ हं. तू म्हणतोस म्हणून पाठवते. माझ्याकडे दुसरं काही नाहीये."

असं म्हणाली ती. मास्तरांना हे शेवटचं वाक्य जन्मभर पुरलं.

आता त्यांच्या हजेरीचं सांगतो, कारण सगळं तिथेच फिरलं. त्या मिनीबसमधला आतला दिवा गेलेला होता. अंधारात पोरं मोजायची कशी? नावं घेतली की कोणीतरी दुसऱ्याची "हजर" ठोकून द्यायचा, मग हशा, मग आरडाओरडा. म्हणून मास्तरांनी युक्ती काढली. सुरात हजेरी द्यायची. प्रत्येकाला एक सूर ठरवून दिलेला. सगळ्यात खालचा सूर ढोल्याचा. ढोल्या म्हणजे आडवातिडवा पोरगा, आवाज पिंपातून आल्यासारखा. त्याच्यापासून सुरू करायचं आणि एकावर एक चढत सगळ्यात वर चिमणी. आपला सूर दुसऱ्याला चोरता येत नाही, मास्तरांचे कान असे की अंधारातही प्रत्येकाचा गळा ओळखायचे. बाहेरच्या कोणी मोजायला सांगितलं की मोठ्या ऐटीत म्हणायचे, "डोळ्यांनी मोजतात ती मेंढरं. आम्ही कानांनी मोजतो."

ऐट कधी कोणाला फळलीय का?

शेवटच्या दिवशी एक काम उरलं होतं. शाळेच्या मागे जमिनीतली पाण्याची टाकी होती. दीड पुरुष खोल. वर माणूस उतरेल एवढं चौकोनी तोंड आणि त्यावर जाड लोखंडी झाकण. पोरांनी शिडी लावून आत उतरून दिवसभर घासली. आत आवाज घुमतो म्हणून काम कमी आणि गाणीच जास्त. दुपारी वीज गेली. संध्याकाळी शाळेचा राखणदार म्हणाला, "मास्तर, मी पुढे होतो. जाताना टाकीचं झाकण लावा, शिडी बाहेर काढा, फाटकाला कुलूप घाला. किल्ली वाटेत माझ्या घरी टाका. वीज आली की मोटर आपोआप सुरू होते. रात्रीत टाकी भरेल."

किल्ली पोचवायची, बस. साधं काम.

अंधार पडता पडता मास्तर मागे गेले. शिडी वर ओढून घेतली. झाकण ढकललं. वाकून आत बघितलं नाही. कशाला बघतील? गाडीत हजेरी होणारच होती. फाटकाला कुलूप घालून ते बसमध्ये चढले, दार ओढून घेतलं आणि म्हणाले, "चला, हजेरी."

ढोल्याचा सूर आला. मग त्याच्या वरचा. मग त्याच्या वरचा. अंधारात एकेक पायरी चढत चढत सूर वर गेला आणि शेवटी सगळ्यात वर, मागच्या बाकावरून, चिमणीचा सूर आला. स्वच्छ. लांब. कुठेही न तुटता.

मास्तर इतके खूश झाले! म्हणाले, "वा, चिमणे! आज काय धरलास गं!"

आणि ड्रायव्हरला म्हणाले, "सोड गाडी."

पोरांनी गाणं धरलं. आठवडाभराचं काम संपलं होतं, घराची ओढ होती, अठरा गळे खिडक्या फुटतील असे गात होते. निदान मास्तरांना तरी ते अठराच वाटले. गावाच्या टोकाला राखणदाराच्या दारात किल्ली दिली, आणि रस्त्याला लागले.

बराच वेळ गेला. सगळीकडे काळोख. वाटेतल्या एकाही गावात दिवा नव्हता. मग एका पेट्रोलपंपावर जनरेटरचा उजेड दिसला, तिथे गाडी थांबली. पोरं आळस देत उतरली. कोणी पाणी प्यायलं, कोणी तोंड धुतलं. ढोल्या बिस्किटांचा पुडा फोडून वाटत होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"मास्तर, चिमणी झोपली का?"

"असेल. उठव तिला. पाणी पिऊ दे."

ढोल्या आत गेला. परत आला.

"मास्तर, ती नाहीये आत."

"नीट बघ रे. बाकाखाली बॅगेवर झोपली असेल."

"बॅग आहे... ती नाहीये."

मास्तर स्वतः चढले. टॉर्च लावला. मागचा बाक रिकामा. चिमणीची बॅग होती, बाहेरच्या कप्प्यात पंप होता. तो त्यांनी खिशात टाकला. त्यांनी बाकाखाली हात फिरवला, मागचा कोपरा चाचपला. मग खाली उतरून सगळ्यांना उजेडात ओळीत उभं केलं आणि पहिल्यांदा डोळ्यांनी मोजलं. सतरा.

चिमणीच्या शेजारी बसली होती ती बडबडी. नावासारखीच, तोंडाला कुलूप नाही. ती पांढरीफटक पडली होती. "असं कसं? माझ्या शेजारीच होती. वाटभर मी बोलतेय तिच्याशी!"

"ती बोलली तुझ्याशी?"

"हं... म्हणजे, हं हं करत होती. हात गार लागला तिचा म्हणून मी माझी चादर दिली."

ढोल्याने बाकावरची चादर आणली. पिळली. पाणी निथळलं.

जनरेटर तेवढा धडधडत होता.

बडबडी रडायला लागली. "संध्याकाळी मला म्हणाली, टाकीत कोणीतरी आपलं गाणं म्हणतंय, कोण राहिलंय ते बघून येते. मी म्हटलं लवकर ये. मग अंधार झाला, आणि हजेरीत तिचा सूर आला ना! तुम्ही पण ऐकलात मास्तर!"

ऐकला होता. तोच तर आता कानात वाजत होता. लांब. न तुटलेला. दमेकरी पोर एवढा सूर एका दमात धरेल कशी? त्या सुरात खाच नव्हती. त्या सुरात श्वासच नव्हता. आणि आपण वा म्हणालो. आपण शिडी काढली, आपण झाकण लावलं, आणि वा म्हणालो!

राखणदाराला फोन लावला. लागेना. सगळ्यांनी आपापल्या फोनवरून लावून पाहिला. तिथल्या टॉवरलाही वीज लागते ना, बाबांनो. मास्तरांनी ड्रायव्हरचा हात धरला. हात कसला, दंडच धरला.

"वळव. वीज यायच्या आत पोचव मला. काय वाटेल ते कर, पण वीज यायच्या आत पोचव."

गाडी वळली. ड्रायव्हरने पाय दाबला तो उचलला नाही. पोरं एकमेकांना धरून बसली, मागचा बाक सोडून. मास्तर पुढे उभे, दांडीला धरून, ओठांत प्रार्थना. प्रार्थना तरी कसली! "वीज नको, देवा. आज वीज नको देऊस." एवढंच पुन्हा पुन्हा. अंधारासाठी देवाकडे पदर पसरणारा माणूस कधी पाहिलाय तुम्ही?

निम्मी वाट झाली असेल.

डावीकडे, दूर, एक दिवा लागला.

मग दुसरा. मग अख्खं गाव उजळलं. एरवी पोरं ओरडली असती, आली रे आली! त्या रात्री एकेकाने डोळे मिटून घेतले. मास्तरांच्या घशातून एक आवाज निघाला. ते मला म्हणाले, तसा आवाज माणसाचा नसतो.

आणि तेव्हा मागून हाक आली.

"मामा..."

मागच्या बाकावरून.

"मामा, मी इथे आहे."

ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. "मास्तर! अहो, पोरगी मागेच आहे की! जीव घेतलात माझा!"

मास्तरांनी टॉर्च मारला. बाक रिकामा. फक्त बॅग. सतरा पोरं पुढच्या बाकांवर एकावर एक चढली. त्यांनी टॉर्च विझवला... काळोख...

"दिवा नको, मामा. डोळ्यांना लागतो. चल ना घरी. मला आईकडे ने."

चिमणीचाच आवाज. तसाच लाडिक, तसाच नाकातला. ड्रायव्हर म्हणाला, "मी गाडी वळवतो. पोरगी सापडली, संपलं. घरी चला." त्यालाही संपलेलंच हवं होतं.

आणि मास्तरांनाही. हे त्यांनी मला मान खाली घालून सांगितलं. त्यांच्या मनात आलं, असू दे. हीच असू दे. हिला घेऊन जावं, बहिणीच्या हातात द्यावी, हातातली हातात. मागे जायला नको. ते झाकण उघडायला नको. आत काय दिसेल ते बघायला नको...

मग म्हणाले, "चिमणे. तुझा सूर दे बघू."

सूर आला.

लांब.

अजून लांब.

थांबेचना. पोरांनी कानांवर हात घेतले. काच झिणझिणायला लागली.

"पुरे," मास्तर म्हणाले. सूर थांबला. "आता श्वास घे."

...

"श्वास घे, बाळा. मला ऐकू दे."

...

मग, अगदी हळू...

"मामा... तो कसा घेतात?"

मास्तर ड्रायव्हरकडे वळले. एवढंच म्हणाले, "चल."

ड्रायव्हरने गाडी सोडली. मागे रडणं सुरू झालं. लहान पोर रडतं तसं, हुंदक्यांशिवाय, एकसारखं. "मागे नको. तिथे गार आहे. झाकण उघडत नाही. मी खूप हाका मारल्या... खूप हाका मारल्या... कोणी आलंच नाही..."

डोंगराचा चढ लागला. चढावर गाडी आचके द्यायला लागली. एक आचका. दुसरा. बंद.

ड्रायव्हरने किल्ली फिरवली. नुसतीच घरघर. पुन्हा फिरवली. समोर, वर, शाळेच्या गावाचे दिवे दिसत होते. सगळे लागलेले. तिथली मोटर सुरू झालेली असणार. दीड पुरुष खोल टाकी... आणि पोरगी ढोल्याच्या छातीएवढीही नाही.

मास्तर मागे गेले. एकटे. टॉर्च न लावता. मागच्या बाकासमोर गुडघ्यांवर बसले. गार हवा तोंडावर आली, विहिरीत वाकल्यावर येते तशी.

त्यांनी हात जोडले. कोणापुढे जोडतोय, का जोडतोय, कसला विचार! "माझी पोर आहे गं तिथे. बहिणीची एकुलती एक आहे. मी शब्द दिलाय."

रडणं थांबलं.

"तुला नाही उतरवणार. देवाशप्पथ नाही उतरवणार. तुलाही नेतो. आईकडे नेतो. पण आधी माझी मला काढू दे. तुझ्या पाया पडतो."

...

...

"नेशील?"

"नेईन."

ड्रायव्हरने पुढे किल्ली फिरवली. इंजिन लागलं.

फाटकाला कुलूप. किल्ली राखणदाराकडे. थांबायला वेळ कुठे होता? ढोल्याने एवढ्या मोठ्या अंगाने भिंतीवर उडी टाकली, वर रोवलेल्या काचांनी दोन्ही तळवे फाटले, त्याला कळलंही नाही. मागोमाग मास्तर. शाळेच्या मागून मोटरचा आवाज येत होता, घुंऽऽ करत. दोघांनी झाकणाला हात घातला. हलेना. संध्याकाळी मास्तरांनी एकट्याने ढकललेलं झाकण! पुन्हा जोर लावला. सरकलं. टॉर्च आत धरला.

पाणी. काळं पाणी. नळाचं तोंड भसाभसा ओततंय.

कोपऱ्यात तोंड तेवढं वर. दोन्ही हात वर भिंतीला चिकटलेले, मान मागे टाकलेली, पाणी ओठांशी. टाचा उंचावून उभी होती पोरगी. डोळे उघडे. हाक मारत नव्हती. हाक मारायला दम होताच कुठे! छातीतून नुसती शिट्टी वाजत होती. मास्तर म्हणाले, जगात एवढा गोड सूर मी ऐकला नव्हता. तुटत होता, पुन्हा लागत होता, तुटत होता.

ढोल्याने शिडीसुद्धा लावली नाही. सरळ आत. खांद्यावर घेतली, वर दिली. मास्तरांनी खिशातून पंप काढून तिच्या तोंडात धरला. दाबला. "घे. घे राजा. अजून एक. घे." ओठ निळे झालेले. एक श्वास गेला. बाहेर आला. मग दुसरा. मग ती खोकली, आणि मास्तर मोठमोठ्याने रडायला लागले, भोकाड पसरून.

बऱ्याच वेळाने तिला आवाज फुटला. "मामा, मी किती हाका मारल्या! गाडी निघाली तेव्हापण ओरडत होते. तुम्ही सगळे गात होतात."

मास्तरांनी तिचे गार पाय आपल्या सदऱ्यात गुंडाळले.

गाणारं टाकीत कोण होतं, तेही तिने सांगितलं. कोणी नव्हतं. शिडीने खाली उतरली तेव्हा कोपऱ्यात कोणीतरी पाठमोरं बसल्यासारखं वाटलं, आपल्यातलीच कोणी असेल म्हणून जवळ गेली, तर भिंत. आणि तेवढ्यात मागे शिडीवर पावलं वाजली. हलकी. वर जाणारी. मग शिडी गेली. हाक मारायला गेली तर दम कोंडला, आवाज फुटेपर्यंत उजेडही गेला.

परतीच्या वाटेवर मागच्या बाकावर कोणी बसलं नाही. अठरा पोरं पुढे एकमेकांच्या मांडीवर. मास्तरांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला, केस चाचपले, कपाळ गरम आहे ना पाहिलं. अठरा. तेव्हापासून हा नियम. मग त्यांनी मागे न बघता म्हटलं, "चला." ते कोणाला म्हणाले, ते पोरांनी विचारलं नाही. ड्रायव्हरने रस्ताभर आरसा वर फिरवून ठेवला होता.

पहाटे बहिणीचं दार वाजवलं. तिने पोरीला ओढून पोटाशी धरलं. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही, नुसती चाचपत राहिली. मास्तर म्हणाले, "हातातली हातात दिली गं." आणि तिथेच भिंतीला टेकून बसले. बहीण मात्र दार धरून उभीच राहिली.

"दार लाव ना," ते म्हणाले.

"अजून कोणी यायचंय ना?"

"नाही. कोण यायचंय?"

"मला वाटलं, मागे कोणीतरी आहे." तिने क्षणभर वाट पाहिली. बाजूला झाली, कोणाला वाट द्यावी तशी. मग दार लावलं.

मास्तरांना आता आपलाच शब्द आठवला. आईकडे नेतो, असा त्यांनी शब्द दिला होता. कोणाच्या आईकडे, ते बोलायचं राहूनच गेलं होतं. आणि तिची आई कोण, कुठली, आहे की नाही, कोणाला माहीत? पुढे राखणदाराला विचारलं. तो म्हणाला, इथे पोर बुडाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मग शाळा इतकी वर्षं बंद का होती? म्हणाला, ते माझ्या आधीचं आहे.

त्या दिवशी दुपारपर्यंत मायलेकी एका गादीवर झोपल्या. आई मध्ये, चिमणी दाराच्या बाजूला. मास्तर बाहेर बसून होते. उठल्यावर बहिणीने गादी उचलली आणि तिथेच थबकली. "दादा, इकडे ये."

भिंतीकडची बाजू, जिथे कोणीच झोपलं नव्हतं, ती ओली होती.

मास्तर पाहत राहिले. मग त्यांनी बहिणीला सगळं सांगितलं, पहिल्या सुरापासून शेवटच्या शब्दापर्यंत, काहीही न लपवता. पाळकसाहेबांना बोलावतो म्हणाले, घर बदल म्हणाले, मी पाप केलं म्हणाले. ती गादीवर हात ठेवून ऐकत होती.

"आईकडे ने, असं म्हणाली ती?"

"हो."

"रडत होती?"

"हो गं."

बाईंनी त्या ओल्या जागेवरून एकदा हात फिरवला. मग गादी उचलून अंगणातल्या भिंतीवर उन्हात टाकली आणि चहा ठेवायला आत गेल्या. पाळकसाहेबांना कोणी बोलावलं नाही.

आता मास्तर नाहीत. ढोल्याचे तळवे अजून नीट मिटत नाहीत. चिमणी मोठी झाली, माझ्याएवढी उंच झाली, नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेली. बाई त्या घरात एकट्याच असतात. पण अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गादी भिंतीवर येते. माझ्या खिडकीसमोरच. मागच्याच अमावास्येला पाहिली मी. भिंतीकडची बाजू ओली, आणि ओल पसरट नाही, नीट उमटलेली. दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपलेल्या पोराएवढी. चिमणी बघता बघता वाढली, पण ती ओल अजून एवढीच आहे... एवढीशी.